मूठ आडवी म्हणजे पाणी बंद

‘वापरणाऱ्याची चूक’ हे दोन शब्द ज्यानं पहिल्यांदा तक्रारीच्या फॉर्मवर छापले, तो माणूस मला एकदा भेटायला हवा होता. मी त्याला काही केलं नसतं. आमच्या शेतात नेऊन हातात फावडं दिलं असतं आणि म्हणालो असतो, धर पाणी, बघू तुझी अक्कल. तासाभरात तो गुडघाभर चिखलात उभा असता, पाणी भलत्याच वाफ्यात शिरलं असतं, आणि मग मी खिशातून पेन काढून लिहिलं असतं, वापरणाऱ्याची चूक.

मी ठिबकच्या कंपनीत फिटर होतो. नव्वदच्या दशकाचा शेवट. जुन्नर आणि आंबेगाव, दोन तालुके माझ्याकडे. नारायणगावात कंपनीच्या डीलरचं दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत माझं टेबल. नवीन संच बसवायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे आणि प्रत्येक बिघाडाचा फॉर्म भरून पुण्याला पाठवायचा, हे काम. फॉर्मवर बिघाडाच्या कारणापुढं तीन चौकटी होत्या. मालातला दोष, बसवण्यातला दोष, वापरणाऱ्याची चूक. पहिल्या चौकटीत खूण केली की कंपनीला माल बदलून द्यावा लागे. दुसरीत केली की माझी मान अडके. तिसरीत केली की कुणाचंच काही बिघडत नसे, फक्त शेतकरी येडा ठरे. आता तुम्हीच सांगा, नोकरीत कायम व्हायची वाट बघत बसलेला माणूस कुठं खूण करणार?

भांडणाचं मूळ एका वॉलमध्ये होतं. वॉल म्हणजे व्हॉल्व्ह, नळीतलं पाणी सोडायची-अडवायची तोटी. आमच्याकडं त्याला सगळे वॉलच म्हणतात, मीही तेच म्हणणार. कंपनीचा जुना वॉल होता, त्याची मूठ नळीच्या रेषेत सरळ असली की पाणी चालू, नळीला आडवी झाली की बंद. हे कुणालाही शिकवावं लागलं नाही. वाफ्याच्या तोंडाशी माती आडवी टाकली की पाणी थांबतं, हे ज्यानं जन्मभर पाहिलंय, त्याला आडवी मूठ बघून वेगळं काय वाटणार? शाळेचं तोंड न बघितलेल्या म्हाताऱ्यांनी तो वॉल पहिल्या दिवशी फिरवला आणि बरोबर फिरवला.

मग कंपनीनं नवा वॉल काढला. काळा, गुळगुळीत, दिसायला देखणा. आणि मूठ उलटी. सरळ असली की बंद, आडवी केली की चालू. असं का, तर म्हणे वॉल दिवसातला बराच वेळ बंद असतो, आणि बंद असताना मूठ नळीच्या अंगावर निजलेली असली की येता-जाता कुणाचा पाय लागत नाही, ती मोडत नाही. ऐकायला कारण एकदम शहाणं. पुण्यातल्या पंख्याखाली बसून काढलेलं. मुठीवर उघडं आणि बंद असं इंग्रजीत कोरलेलंही होतं, काळ्यावर काळं, आणि चिखलाचा एक हात लागला की तेही बुजलं. ज्या साहेबानं हा वॉल काढला त्याला मी तोंडावर अहो-जाहो करायचो. इथं करणार नाही.

नवा वॉल आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत माझ्याकडं तीन तक्रारी आल्या. मंचरच्या बाजूचा एक बटाट्यावाला, आमच्याच तालुक्यातला एक द्राक्षवाला, आणि घोडेगावच्या वर डोंगराच्या अंगाला भाताची खाचरं असलेला एक माणूस, ज्यानं बांधाशेजारी आंब्याची कलमं लावली होती. तिघांचीही नळी फुटलेली. तिघांनीही सगळे वॉल बंद असताना ते उघडे समजून मोटर चालू केली होती. पाण्याला जायला वाट नाही, मागून मोटर ढकलतेय, मग नळी फुटणार नाही तर काय होणार.

तो खाचरवाला माणूस शांत होता. त्यानं मला त्याच्या खाचराच्या तोंडाशी नेलं, पायानं माती दाखवली आणि म्हणाला, “पावणं, आमी पानी असं अडिवतो. माती आडवी पडली की पानी बंद. तुमची मूठ आडवी पडली की पानी चालू. ह्ये कुनी काढलं?” मी त्याला म्हणालो, वर लिहिलंय ना, वाचायचं. तो म्हणाला, “पानी धरताना कोन वाचतंय राव?” मी फॉर्मवर तिसऱ्या चौकटीत खूण केली. तीनही फॉर्मवर तिथंच केली.

साहेबाला मात्र मी सांगितलं होतं, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. एसटीडी बूथवरून फोन लावला आणि म्हणालो, लोकांना मूठ उलटी वाटतेय. तो म्हणाला, “लोकांच्या डोक्यातलं चित्र चुकीचं आहे. तुम्ही ते दुरुस्त करा. त्यासाठीच तुम्हाला तिथं ठेवलंय.” मी म्हणालो, चित्र त्यांच्या आज्यापणज्यांपासूनचं आहे. तर म्हणाला, “मग दोनदा समजावून सांगा.” आणि त्याच फोनवर वर हेही म्हणाला की त्याला माझ्या भागात एक नमुन्याचा प्लॉट हवाय, शेतकरी बोलावून दाखवायला. तुमच्या घरचाच द्या, कायम करायच्या यादीत तुमचं नाव वर राहील. मी लगेच हो म्हणालो. विचारायलाही थांबलो नाही.

घरचा प्लॉट म्हणजे माझ्या काकांचा. ओझरपासून सायकलीच्या अंतरावर, कुकडी नदीच्या अंगाला आमचं गाव. माझे आईवडील लवकर गेले, मी काकांकडंच वाढलो. काकांचं सगळं लक्ष बाजाराकडं. कुठला माल कधी लावायचा, कुठल्या पेठेत धाडायचा, हे त्यांचं. पाणी काकीचं. आमच्या घरात पाणी धरायचं काम लग्न होऊन आल्यापासून तिच्याकडं होतं, आणि ते तिच्याकडून काढून घ्यावं असं कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पाणी धरणं म्हणजे काय ते सांगतो, कारण साहेबाला ते सांगून कळलं नाही. पाटातून पाणी येतं. प्रत्येक वाफ्याला एक तोंड, त्याला आम्ही दार म्हणतो. एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात न्यायचं. त्याची रीत ठरलेली. आधी पुढचं दार मोडायचं, तिथली फावडंभर माती उचलायची आणि तीच माती मागच्या दारात आडवी टाकायची. एकाच मातीनं एक उघडतं, दुसरं बुजतं, आणि पाणी कुठं तटत नाही. ज्यानं आधी मागचं बुजवलं त्याचा पाट फुटलाच म्हणून समजा. म्हणून मोटर सुरू करायच्या आधी एक दार उघडं आहे ना, ते डोळ्यानं बघायचं, आणि मगच विहिरीवरच्या माणसाला ‘सोड’ म्हणून हाळी द्यायची. काकीची हाळी तीन शेतं पलीकडं ऐकू जायची.

घरात तिला विचारून फार काही होत नसे. म्हैस विकायची का ठेवायची, लेक कुठं द्यायची, दिवाळीला कुणाला काय आणायचं, सगळं काका ठरवायचे आणि तिला नंतर कळायचं. पण पाण्याचं तसं नव्हतं. तिथं काकाही तिला विचारायचे, उद्या खालच्या पट्टीला पाणी बसंल का गं? ती आकाशाकडं, मातीकडं बघायची, मुठीत ढेकूळ दाबून फोडायची आणि म्हणायची, बसंल, किंवा परवा बघू. काका मान डोलवायचे. शेजारच्या दोन शेतांतली माणसंही पाण्याच्या पाळीवरून वाद झाला की तिला मधे घ्यायची. बाईमाणसाला आमच्या गावात एवढं मोजलं जाणं ही साधी गोष्ट नव्हती. माझ्या लेखी तर तिच्याएवढं हुशार त्या शिवारात दुसरं कुणी नव्हतं.

तिच्या एका टोमॅटोच्या प्लॉटवर मी नवा संच बसवला. चार पट्ट्या, चार वॉल, एका ओळीत. तिला मूठ समजावून सांगितली. तिनं ऐकून घेतलं, एकदा फिरवून बघितलं आणि म्हणाली, “ह्ये उलटं हाय रं लेकरा.” मी म्हणालो, काकी, कंपनीचं असंच असतं, ध्यानात ठेव. ती म्हणाली, “ध्यानात ऱ्हाईल. पर हाताच्या ध्यानात न्हाई ऱ्हायचं.” मी हसलो. आता ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

चार दिवसांनी गेलो तर प्रत्येक मुठीवर एक काडी बांधलेली. बांबूची कामटी, वीतभर लांब, मुठीला बरोबर आडवी धरून जुन्या लुगड्याच्या चिंधीनं करकचून आवळलेली. त्यामुळं झालं असं, की मूठ सरळ म्हणजे वॉल बंद असताना ती काडी नळीला आडवी दिसायची, आणि वॉल उघडला की काडी सरळ व्हायची. मुठीकडं बघायचंच नाही, काडीकडं बघायचं. आडवी काडी म्हणजे बंद, सरळ काडी म्हणजे चालू, आपल्या मातीच्या दारासारखं. पुण्यातल्या पगारी डोक्यांना जे सुचलं नाही ते काकीनं एका चिंधीत बसवलं होतं. मी उभा राहिलो आणि मला खरंच गहिवरून आलं. तिला म्हणालो, काकी, तू इंजिनेर व्हायला हवी होतीस. ती म्हणाली, “व्हय, अन् पानी तुझा काका धरनार व्हता व्हय.” कामट्या बांधल्यापासून एकदाही चूक झाली नव्हती.

मग तो कार्यक्रम झाला. नमुन्याच्या प्लॉटवर शेतकरी मेळावा. गावातली आणि आसपासची पन्नासेक माणसं, मांडव, नारळ, नारायणगावचा फोटोग्राफर. साहेब पुण्याहून जीप घेऊन सकाळीच आला. पॅन्टच्या घड्या मोडू नयेत म्हणून बांधावरून तिरका तिरका चालत वॉलपाशी गेला आणि त्यानं काकीच्या कामट्या बघितल्या. तोंड वाकडं करून म्हणाला, “हे काय? फोटोत असं दिसणार आमचं प्रॉडक्ट?” मी सांगितलं, ही काकीची सोय आहे, तिला असं बरोबर कळतं. तो म्हणाला, “सोय कसली, गावठीपणा आहे. काढा ते.”

मी काढलं. हे दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. माझ्या खिशातल्या चाकूनं चारही चिंध्या कापल्या, कामट्या बांधापलीकडं टाकल्या. साहेबानं फडक्यानं मुठी पुसून घेतल्या, चारही एका रेषेत नळीच्या अंगावर सरळ केल्या, म्हणजे सगळे वॉल बंद केले, आणि फोटोग्राफरला म्हणाला, असे घ्या, छान दिसतात. काकी तेव्हा घरी होती. पन्नास माणसांचा चहा तिच्याच गळ्यात होता.

आदल्या दिवशी पाणी देऊन जाताना तिनं रीतीप्रमाणं पहिल्या पट्टीचा वॉल उघडा ठेवला होता. एक दार कायम उघडं. तिला ठाऊक नव्हतं की साहेबानं फोटोसाठी तोही बंद केलाय. आणि मी तिला सांगितलं नाही. सांगणार होतो. पण साहेब भाषण ठोकत होता, मी त्याच्यामागं नकाशाचा कागद धरून उभा होतो, आणि पदराला हात पुसत ती आली तेव्हा तो थेट म्हणालाच, “या बाई, बघू, दाखवा सगळ्यांना किती सोपं आहे ते.”

ती वॉलपाशी गेली. कामट्या नाहीत हे तिच्या लक्षात आलं, ती क्षणभर थबकली, माझ्याकडं बघितलं. मी कागद धरून उभा. साहेब म्हणाला, “चला बाई, लोक थांबलेत.” तिनं पहिल्या पट्टीच्या मुठीकडं बघितलं. मूठ सरळ होती. जन्मभर जे बघितलं तेच बघितलं, दार सरळ मोडलेलं आहे, पाण्याला वाट आहे. तिनं विहिरीकडं तोंड केलं आणि हाळी दिली, “सोड.”

मोटर सुरू झाली. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग फिल्टरखालचा जोड उडाला. पाण्याचा लोट असा सुटला की मांडवाचा एक बांबू आडवा झाला, साहेब डोक्यापासून पायापर्यंत भिजला, फोटोग्राफर कॅमेरा पोटाशी धरून पळाला. नुकती लावलेली टोमॅटोची रोपं मुळांसकट धुऊन गेली, जवळजवळ एक पट्टी साफ. मोटर बंद करेपर्यंत सगळीकडं चिखल झाला होता. आणि लोक हसत होते. त्यांचं चुकलं म्हणत नाही, भिजलेला साहेब बघून कुणालाही हसू येईल. पण साहेबाला ते हसणं झोंबलं आणि त्यानं ते काकीकडं वळवलं. रुमालानं तोंड पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बायकांच्या हातात मशीन दिलं की हे असं होतं. दोष मशीनचा नाही.” मग माणसं काकीकडं बघून हसायला लागली.

काकी तिथंच उभी होती. तिचा हात अजून मुठीवर होता. ती मूठ फिरवून बघत होती, आडवी, सरळ, पुन्हा आडवी, जसं काही तिला स्वतःच्या हाताचं पटत नव्हतं.

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पन्नास माणसांसमोर म्हणायला हवं होतं, साहेब, तुम्ही सगळे वॉल बंद केलेत, मी तिच्या खुणा काढल्या, आणि ही तुमची मूठ मुळातच उलटी आहे. तीन वाक्यं. मला ती पाठ होती, शेवटचं तर खाचरवाल्यानंच शिकवलं होतं. मी हातातला नकाशाचा कागद गुंडाळत राहिलो.

संध्याकाळच्या आत जीपच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून साहेबानं मला पेन दिलं. मी म्हणालो, साहेब, हे मालातल्या दोषात टाकूया का, रोपं गेलीत. तो म्हणाला, “तुमची फाईल सोमवारी माझ्या टेबलावर येणार आहे.” एवढंच. धमकी म्हणाल तर धमकी, नाहीतर नुसतं सांगणं. मी तिसऱ्या चौकटीत खूण केली. खाली शेऱ्याची ओळ होती, तीही त्यानं भरायला लावली. मी माझ्या हातानं, माझ्या बऱ्या अक्षरात लिहिलं की संच हाताळणाऱ्या महिलेनं सूचना नीट न पाळल्यामुळं नुकसान झालं. फॉर्मची कार्बनची प्रत नियमाप्रमाणं शेतकऱ्याला द्यायची असते. ती मी काकांच्या हातात दिली.

काकांनी ती ओट्यावर बसून मोठ्यानं वाचली. काकी चुलीपाशी होती, तिला सगळं ऐकू गेलं. काका एरवी मला चार शिव्या देतील असे होते, पण लिहिलेल्या कागदाला ते फार मानायचे, आणि अक्षर पुतण्याचं होतं. त्यांनी घडी घालून कागद खिशात ठेवला आणि म्हणाले, “उद्यापासनं पान्याला गडी बघंल.” मी जेवून जायला थांबलो नाही.

त्या दिवसानंतर काकीनं पाणी धरलं नाही. एका महिन्यात मी कायम झालो.

पुढं काय झालं ते मला गावाकडून तुकड्यातुकड्यांत कळायचं. पाणी गडी धरायचा आणि काकी घरात असायची. पाळीवरून वाद झाला तर शेजारचे आता काकांना विचारायचे, आणि काकांना त्यातलं काही कळायचं नाही. कुणी तिच्याकडं बोट दाखवलं तर ती म्हणायची, “मला नगा इचारू, माझा हात चुकतो.” हे मला एका शेजाऱ्यानं सांगितलं तेव्हा मी त्याच्यासमोर हसून विषय बदलला, आणि पुढच्या वळणावर मोटारसायकल थांबवून किती वेळ तसाच बसून राहिलो. माझाच राग येत होता, पण राग काढायचा तर साहेब पुण्यात, काका मोठे, आणि स्वतःवर तो काढायला माणूस तयार होत नाही. मग मी दुकानात आलेल्या शेतकऱ्यांवर खेकसायचो. एका गरीब माणसाला तर उगीच सूचनांचा कागद तीनदा वाचायला लावला. असा मी त्या काळात नासलो होतो.

तीनेक वर्षांनी कंपनीनं पुन्हा नवा वॉल काढला. मोठी जाहिरात, रंगीत कागद, नारायणगावात हॉलमध्ये कार्यक्रम. साहेब आता मोठा साहेब झाला होता. त्यानं व्यासपीठावर वॉल हातात धरला आणि सांगायला लागला की त्यांच्या टीमनं शेतकऱ्यांचा अभ्यास केला. शेतकरी पाणी कसं अडवतो? माती आडवी टाकून. म्हणून या वॉलची मूठ आडवी म्हणजे बंद, सरळ म्हणजे चालू. ज्याला शिकवावं लागत नाही ते खरं डिझाईन, असं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या खुर्चीवर होतो. मूठ उलटी आहे हे मी त्याला एसटीडी बूथवरून सांगितलं होतं, आणि मला एका खाचरवाल्यानं सांगितलं होतं, आणि काकीनं ते बांबूच्या कामटीवर करून दाखवलं होतं. त्या हॉलमध्ये तिचं नाव कुणी घेतलं नाही. मीही नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता, आणि त्यात टाळ्याही वाजवत होतो.

त्याच आठवड्यात मी दुकानातला एक नवा वॉल पिशवीत टाकून गावी गेलो. काका बाजेवर पडून टीव्हीवर हिंदी मालिका बघत होते. त्यांचे गुडघे गेले होते, शेती सगळी गड्याच्या हाती. मी त्यांना सांगितलं की कंपनीनं मूठ बदलली, आधीची चुकीचीच होती, काकीची चूक नव्हती. ते म्हणाले, “असं व्हय. बरं झालं सांगितलंस.” आणि पुन्हा टीव्हीकडं वळले. तीन वर्षं त्यांच्यासाठी तेवढ्यात आटोपली.

काकी मागच्या पडवीत गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मला बघून हसली, “आला का लेकरा, बस,” म्हणाली आणि सूप बाजूला सारून जागा केली. मी तिच्यासमोर वॉल ठेवला. तिनं तो उचलला, मूठ फिरवली आणि म्हणाली, “ह्ये बरोबर हाय.” कुणी काही सांगायच्या आत म्हणाली. मग मी सांगायला लागलो, भडाभडा. की ती मूठ उलटी होती. की त्या दिवशी साहेबानंच सगळे वॉल बंद करून ठेवले होते. की तिच्या कामट्या मी कापल्या. की तिच्या जागी दुसरं कुणीही असतं तरी तेच झालं असतं, आणि तिच्याआधी तिघांचं तसंच झालं होतं.

ती शेंगा मोडायची थांबली. “म्हंजी माझा हात चुकला न्हाई.”

“नाही काकी.”

“अन् ह्ये तुला कधी कळलं? आत्ता, ही नवी मूठ आल्यावर?”

मी हो म्हणू शकलो असतो. तिनं ते मानलंही असतं, तिला मानायचंच होतं, तिच्या तोंडावरून दिसत होतं. का कोण जाणे, त्या दिवशी खोटं निघालं नाही. म्हणालो, “तेव्हाच माहीत होतं.”

“कागद लिवला त्याच्या आधी का मागनं?”

“आधी.”

तिनं हातातली शेंग सुपात टाकली आणि म्हणाली, “मला वाटायचं, लेकरानं लिवलं म्हंजी खरंच असनार. त्येच्यावर मी तीन वर्सं काढली.” राग नव्हता आवाजात. राग असता तर मी वाचलो असतो.

ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. आतून बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कपबशी होती, ती चांगली, पाहुण्यांसाठी फडताळात ठेवलेली. मला त्या घरात आजवर पितळी पेल्यात चहा मिळाला होता, कधी कधी तर तिच्याच पेल्यातला उरलेला. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, कपबशी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “घ्या पावणं, च्या घ्या.”

मी तो चहा बसून पूर्ण प्यालो. ती तोवर दारात उभी राहिली, पाहुणा उठेपर्यंत घरची बाई उभी राहते तशी.